बिल्किसखालाचं कोरं कार्ड

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. कारण ज्या बाईबद्दल लिहायचं तिने आयुष्यभर एकच गोष्ट सांभाळली, घरातलं घरात राहू द्यायची, आणि मी निघाले तिलाच चारचौघांत आणायला! शेवटी राहवेना म्हणून सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती. म्हटलं, खाला, तुमच्यावर लिहू का? तिने मान वर न करता सांगितलं, "लिही की. फोटो नको टाकू म्हणजे झालं."

तर फोटो नाही. तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. साठीला टेकलेली बाई, ठेंगणी, डोक्यावरून घेतलेली ओढणी कानामागे घट्ट खोचलेली, आणि चालताना डावा गुडघा जरा उशिरा पुढे येतो. आमच्या राजिवडा मोहल्ल्यात बिल्किस मुकादम म्हणून विचारलंत तर दोघं तिघं विचारात पडतील. बिल्किसखाला म्हणालात तर लहान पोरही घर दाखवेल.

खाला परवापरवापर्यंत फोटोग्राफर होती. पाटी नाही, दुकान नाही, इंस्टावर पेज नाही. पण पूर्णगडापासून जयगडापर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात मेंदी निघाली की खालाला फोन जायचाच. मेंदीच्या दिवशी आत फक्त बायका. दारात एखादी म्हातारी सूप घेऊन बसते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीचा मोबाईल त्या सुपात पडतो. मग आत बायका ओढण्या काढून ठेवतात, केस सोडतात, नाचतात, एकमेकींच्या सासवांच्या नकला करतात. तिथे पुरुष फोटोग्राफर जाऊच शकत नाही. जायची ती खाला, तिच्या तळहाताएवढ्या कॅमेऱ्यासकट.

आणि लोक तिला बोलवायचे ते तिचे फोटो फार भारी येतात म्हणून नव्हे. येतात भारी, पण कारण ते नव्हे. कारण होतं तिची पद्धत. कार्यक्रम आटपला की खाला घरातल्या मोठ्या बाईला घेऊन बसायची. सगळे फोटो त्यांच्या पेनड्राइव्हवर उतरवायची, त्यांना उघडून दाखवायची, आणि मग त्या बाईच्या डोळ्यांदेखत कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट करायची. स्क्रीन तिच्यासमोर धरायची आणि म्हणायची, "बघा, कोरा."

एवढे दोन शब्द. त्यावर तिचं सगळं चालायचं. स्वतःजवळ एक फोटो ठेवायची नाही, नमुन्यालासुद्धा नाही. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, आधी केलेलं काम दाखवा की. खाला म्हणायची, "तुला दाखवला तर उद्या तुझा पण दुसरीला दाखवीन, चालेल?"

तिच्याकडे कॅमेरा आला तो गनीचाचामुळे. गनीचाचा म्हणजे तिचा नवरा, बावीस वर्षं मस्कतला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होता. तिथे त्याच्याबरोबर एक फिलिपिनो माणूस कामाला होता, तो कायमचा घरी निघाला तेव्हा सामान विकायला काढलं. चाचाने त्याच्याकडून मिररलेस कॅमेरा घेतला. तेव्हाच दोन वर्षं वापरलेला. मनात होतं की रिटायर होऊन होड्यांचे, बंदराचे फोटो काढू. राजिवड्याला आल्यावर चार दिवस काढले, सगळ्या फोटोंत क्षितिज तिरकं. पाचव्या दिवशी खालाने त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला तो कायमचाच.

"मी आणला आणि कमाई ही खाते," चाचा अजून सांगतो.

"तुमच्या हातात असता तर सगळं बंदर समुद्रात घसरलं असतं," खाला म्हणते.

मोठ्या कॅमेऱ्याच्या आत आरसा असतो, फोटो काढताना तो वर-खाली होतो, खटॅक वाजतं, आणि वाजलं की हसणारी बाई सावध होते. याच्यात तो आरसा नाही. म्हणून कॅमेरा लहान आणि आवाज कुणी शिंक आवरल्यासारखा. बायका विसरून जायच्या की खाला तिथे आहे. तिला तेच हवं असायचं.

आता मेहरूचं सांगते. मेहरूशिवाय यातलं काहीच नाही.

मेहरू, म्हणजे मेहरुन्निसा, ही खालाची लहानपणची मैत्रीण. एकाच गल्लीतली. भरती उतरली की दोघी भाट्याच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, गोळा करायला जायच्या, एकच टोपली, एक बाजू हिने धरायची आणि एक तिने. मेहरूचा बाप भारी कडक. पोरीचा फोटो काढायचा नाही म्हणजे नाही. शाळेतल्या दहावीच्या फोटोत सगळ्या मुली आहेत, मेहरूच्या जागी दोन मुलींच्या मध्ये फट आहे. बाप गेला तरी मेहरूची सवय गेली नाही. कॅमेरा दिसला की ती आपोआप कुणाच्या तरी पाठीमागे जायची. एकोणिसाव्या वर्षी तिला दाभोळला दिली. नवरा जहाजावर. खाला राहिली राजिवड्यात. मध्ये दोन खाड्या आणि अर्ध्या दिवसाची एसटी. वर्षाकाठी एकदा भेट, ती पण कुणाच्या तरी मयताला नाहीतर लग्नाला, गर्दीत, धड बोलणं नाही.

म्हणून दोघींनी मिळून डाव टाकला. मेहरूचा उमेर आणि खालाची समरीन. पोरांना विचारलं, पोरं लाजली, म्हणजे आधीच कुठेतरी जुळलं होतं म्हणा! मेहरू फोनवर म्हणाली, "आता व्याहीण होऊ गो. मग कोण अडवतंय आपल्याला भेटायला?"

समरीनच्या मेंदीला मेहरू दाभोळहून सतरा बायका घेऊन आली. लॉकडाऊनच्या आधीचा जानेवारी होता तो. त्या संध्याकाळी खाला नवरीची आई पण होती आणि फोटोग्राफर पण. दुसरीला बोलावणार कोणाला? मधेच मेहरू तिच्याजवळ आली. हिरवा जरीचा ड्रेस, डोक्यावरची ओढणी खांद्यावर आलेली. म्हणाली, "बिल्किस, काढ."

"काय काढू?"

"माझा फोटो, दुसरं काय. तुझ्याबरोबर काढ. आज काढायचाय मला."

खालाला वाटलं मस्करी करते. पण मेहरू खरंच उभी राहिली, सरळ, कॅमेऱ्याकडे बघत, पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. खालाने कॅमेरा कपाटावर टेकवला, टायमर लावला आणि धावत जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. लाल दिवा लुकलुकत होता तेवढा वेळ मेहरूने तिची करंगळी धरून ठेवली होती. टोपलीचा कान धरावा तशी. फोटो आला. दोघींनी त्या लहानशा स्क्रीनवर बघितला. मेहरू म्हणाली, "अय्या, मी अशी दिसतंय?" आणि तिने तो पाच वेळा मोठा करून बघितला.

दिवेलागणीला कार्यक्रम संपला. दाभोळच्या बायकांमधली उमेरची एक म्हातारी आत्या खालाजवळ आली. तिला खालाची पद्धत माहीत नव्हती. तिने विचारलं, "फोटू राहनार नाय ना गो कुठं आमचे?"

हा प्रश्न खालाने शेकडो वेळा ऐकलेला. शेकडो वेळा एकच उत्तर दिलेलं. फक्त त्या प्रत्येक वेळी घरची बाई पेनड्राइव्ह घेऊन शेजारी बसलेली असायची, आणि आज घरची बाई ती स्वतः होती. फोटो उतरवायला कुणी बसलंच नव्हतं. हाताला ते कळलं नाही. अंगठा गेला, बटण दाबलं, स्क्रीन आत्यासमोर धरला आणि तोंडातून निघालं, "बघा, कोरा."

मग तिलाच ऐकू आलं आपण काय बोललो ते.

मेहरू मागेच उभी होती. तिने स्क्रीन बघितला. मग खालाकडे बघितलं. मेहरू हळूच म्हणाली, "जगाच्या लेकींचे सांभाळून दिलेस. माझा एक नाय सांभाळलास." आणि ओढणी परत डोक्यावर घेतली.

एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दुसऱ्या दिवशी निकाह झाला, जेवणं झाली, मेहरूने सगळे रीतिरिवाज नीट केले, पण खालाशी बोलली ती फक्त कामापुरती. खालाला वाटलं थोडे दिवस जाऊ दे, मग जाऊ दाभोळला, माफी मागू. मार्चमध्ये सगळं बंद झालं. सगळं उघडलं तोवर उमेर आणि समरीन दोहाला निघून गेले होते, तिथेच त्यांची मुलगी आयात झाली. आणि मग जायचं तर कुठल्या तोंडाने जायचं, असं होऊन बसलं. एक वर्ष, दोन वर्षं. सहा वर्षं!

दोहाहून समरीन व्हिडिओ कॉल करायची. "अम्मी, तुम्ही दोघी बोलत का नाय?"

"बोलतो की. ईदला बोलतो."

ईदला बोलायच्या. "बरी हायस?" "बरी. तू?" "मी पण." संपलं. पण दर वर्षी दिवाळीनंतर दाभोळहून एसटीतून एक पार्सल यायचं, आत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, निवडून साफ केलेले, एकाला साल चिकटलेली नाही. आणि दर मे महिन्यात राजिवड्याहून दाभोळला आमसुलं जायची. चिठ्ठी नाही. खाला ते सोडे लगेच वापरायची नाही. पुडी उघडून आधी वास घ्यायची. मेहरूच्या ओटीचा, मिठाचा, सुकवायच्या चटईचा वास. मग पुडी बंद करून फडताळात.

आणि ते कार्ड? ते खालाने त्याच संध्याकाळी कॅमेऱ्यातून काढलं आणि सुईदोऱ्याच्या डब्यात टाकलं. परत त्याच्यावर काही काढवेना. नवीन कार्ड घेतलं, काम चालू ठेवलं.

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याने मात्र दगा दिला. मेंदीचे फोटो जमिनीवर बसून काढायचे असतात, नवरीच्या हाताच्या उंचीवर. खालाला बसता येईना, बसली तर उठता येईना. डिसेंबरात तिने जाहीर केलं, कॅमेरा विकायचा. आणि ही बातमी अवनीला लागली.

अवनी माझ्या वर्गातली, खालाच्या घरामागच्या आळीत राहते. तिला गेले सहा महिने कॅमेऱ्याने पछाडलेलं. नवीन घ्यायचा तर सत्तर-ऐंशी हजार, बाबा म्हणतात तेवढ्यात स्कूटर येते. ऑनलाइन जुने बघितले तर त्याच मॉडेलचा एक आठ हजारांना आणि एक वीसला, दोन्हींच्या खाली लिहिलेलं 'एकदम नव्यासारखा'. जुना मिररलेस आता घ्यावा का, यावर तिने इतके व्हिडिओ बघितले की झोपेत पण सेन्सर सेन्सर करत असेल.

ती एका रविवारी दुपारी खालाकडे आली. चाचा ओटीवर आरामखुर्चीत. खालाने स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा आणला, तांदळात हात घातला आणि आतून जुन्या ओढणीची शिवलेली पिशवी ओढून काढली. पिशवीत कॅमेरा.

"तांदळात?" अवनी किंचाळलीच.

"तांदूळ ओल पितो. आपल्याकडच्या हवेत लेन्सला बुरशी धरते गो. पुण्यामुंबईचे लोक तुला हे सांगणार नाय."

"एक दिवस पेजेत शिजणार होता," चाचा म्हणाला. "मी चमच्याने ढवळून बघायचो आधी."

खालाने कॅमेरा अवनीच्या हातात दिला. आणि मग जे केलं ते कुठलाच विकणारा करत नाही. एकेक खोट स्वतःच दाखवायला लागली. हे रबर सुटलंय, फेविक्विकने लावलंय. बॅटरी अडीचशे फोटोंत मान टाकते, दोन ठेवाव्या लागतात. उजेड कमी झाला की फोकस चाचपडतो, नुसता पुढे-मागे, पुढे-मागे.

"चाचांसारखा," अवनी म्हणाली.

"मी कुठे पुढे जातो," चाचा म्हणाला.

"आता मोबाईलचा टॉर्च लाव," खाला म्हणाली. "लेन्समधून आरपार बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं?"

"नाही."

"मग लेन्स चांगली. जुन्यात आधी हे बघायचं, बाकी सगळं नंतर. जाळं दिसलं तर फुकट पण घेऊ नकोस."

अवनीने खरा प्रश्न विचारला. "खाला, खरं सांगा हां. तेरा वर्षांचा जुना कॅमेरा. आजचा मोबाईल बरा की हा?"

खालाने कॅमेरा परत हातात घेतला, खिडकीकडे धरला. "मोबाईल चेहरा गोरा करून देतो. न विचारता. हा जसा आहे तसा देतो. तुला माणूस जसा आहे तसा हवा असेल तर हा घे. लग्नातल्या नाचाचा व्हिडिओ काढायचा असेल तर नको घेऊ, पैसे वाया जातील. आणि अठरा हजाराच्या वर कुणाला देऊ नकोस असल्या जुन्याला. मला पण नको."

"तुम्ही किती म्हणताय?"

"बारा."

"अगो, विकायला बसलीस की वाटायला?" चाचा कपाळाला हात लावून बसला.

ठरलं. चार्जर आणि दुसरी बॅटरी सुईदोऱ्याच्या डब्यात होती. खालाने डबा उघडला, अवनीने बॅटरी उचलली, तिच्याबरोबर ते कार्ड वर आलं.

"हे पण देणार?"

"ते नको." खालाने इतक्या पटकन घेतलं की अवनी बघतच राहिली. मग चाचानेच सगळं सांगितलं. मेंदी, हिरवा ड्रेस, आत्या, बटण. खाला कार्ड मुठीत धरून बसली होती.

अवनी मात्र उड्या मारायला लागली. "खाला! त्यानंतर या कार्डावर एकही फोटो काढला नाही? नक्की? अहो मग फोटो आहेत! फॉरमॅट म्हणजे पुसणं नाही. वहीची फक्त अनुक्रमणिका फाडल्यासारखं ते. पानं आत तशीच असतात. माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम आहे, मी आत्ता काढून देते."

खालाला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिने मुठीतलं कार्ड टेबलावर ठेवलं. सहा वर्षं! सहा वर्षं तो फोटो सुयांच्या शेजारी पडून होता. हिरवा ड्रेस, धरलेली करंगळी. तो घेऊन जाता आलं असतं दाभोळला. मोठा करून, फ्रेम करून. हा घे, सांभाळला होता बघ तुझा.

"काढ," ती म्हणाली. "काढ गो पोरी, लवकर काढ."

अवनी पळत जाऊन लॅपटॉप घेऊन आली. कार्ड लावलं, प्रोग्रॅम सुरू केला. टेबलाशी दोघी, खाला अगदी स्क्रीनला नाक लावून. एक टक्का. तीन टक्के. मग खाली लहान लहान चौकोन यायला लागले. कुठलेही, कसेही, सरमिसळ. काही अर्धे राखाडी.

पहिला चौकोन आला तो मेंदीच्या हाताचा. खाला म्हणाली, "हा समरीनचा नाय." पुढचा कुणाच्या तरी गजऱ्याचा. त्याच्या पुढचा आला तो जरा मोठा, पूर्ण, लख्ख. एक नवरी, केस मोकळे, बहिणीच्या मांडीत तोंड खुपसून रडत असलेली.

खालाचा हात तोंडावर गेला.

ती पूर्णगडची पोर. आठ-नऊ वर्षं झाली असतील. कार्यक्रम संपल्यावर ती खालाला कोपऱ्यात घेऊन म्हणाली होती, "खाला, रडतानाचा नको. कुणालाच देऊ नका. सासरी कुणी बघितला तर म्हणतील नाखूश होती." आणि खालाने तो तिथेच पुसला होता, नंतर सगळं कार्ड फॉरमॅट केलं होतं, तिच्या समोर स्क्रीन धरला होता. बघ, कोरा. ती पोर तिच्या गळ्यात पडली होती.

आणि ती इथे रडत होती. टेबलावर. अवनीसमोर.

आणखी चौकोन आले. ओढणीशिवायची कुणाची तरी म्हातारी आई. कुणाची तरी दूध पाजणारी वहिनी. पाच वर्षांची कामं त्या एका कार्डावर एकाखाली एक दडून बसली होती, आणि खाला घराघरांत सांगत फिरली होती, कोरा, कोरा, कोरा.

"बंद कर," खाला म्हणाली.

"खाला, अहो आत्ता कुठे बारा टक्के. मेहरूमावशींचा पुढे असेल!"

"असेल."

"मग?"

"तो सापडेपर्यंत बाकीच्या सगळ्या बघाव्या लागतील ना?"

"तुम्ही नका बघू. डोळे मिटा. मी शोधते. हिरवा ड्रेस ना? मी पण बाईच आहे ना खाला, मी बघितलं तर काय बिघडतं?"

खालाने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. "बाई हायस गो. पण तुला त्यांनी बोलावलं होतं काय?"

स्क्रीनवर तेरा टक्के झाले. खाला त्या आकड्याकडे बघत होती. अवनी सांगते, तिने आयुष्यात कुणाला एखाद्या आकड्याकडे असं बघताना बघितलं नाही. चौदा झाले. ओटीवर चाचाची खुर्ची करकरायची थांबली होती. मग खालाने स्वतःच हात पुढे केला आणि कार्ड उपटून काढलं.

आत गेली, पानसुपारीच्या तबकातला अडकित्ता घेऊन आली. कार्ड दोन पात्यांच्या मध्ये धरलं. क्षणभर थांबली. मग दाबलं. सुपारीसारखंच वाजलं.

दोन तुकडे. मग चार.

कॅमेऱ्याबरोबरची तिची आणखी दोन कार्डं उरली होती. अवनी, डोळे पुसत पुसत, म्हणाली की यांच्यावरचं जुनं खरंच घालवायचं तर कार्ड शेवटपर्यंत दुसऱ्याच कशानेतरी भरायचं, म्हणजे खाली काही राहत नाही. मग त्यांनी कॅमेरा ओटीवर ठेवला आणि चाचाचा व्हिडिओ लावला. बॅटऱ्या बदलत, बंद पडला की परत लावत, दोन्ही कार्डं भरेपर्यंत नुसता चाचा. पेपर वाचणारा चाचा, घोरणारा चाचा.

"बावीस वर्षं पैसे पाठवले तेव्हा एक फोटो नाय काढलास माझा," चाचा म्हणाला, "आणि आता बघ, तास तासभर."

खाला हसली नाही. ती खाडीकडे बघत होती. तिकडे बघतच म्हणाली, "मी उद्या दाभोळला जातंय."

"काय घेऊन?"

"काय नाय घेऊन."

सकाळच्या एसटीने जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, मग हेदवी, गुहागर, धोपावे, आणि परत फेरीबोट. गुडघ्याने बोटीवर चढताना त्रास दिला, कुणीतरी हात दिला. दाभोळचा धक्का जवळ यायला लागला तसं तिला वाटायला लागलं की याच बोटीने परत फिरावं. काय सांगणार? फोटो होता, मिळत होता, मीच तोडला? सहा वर्षांपूर्वी चुकून घालवला आणि काल मुद्दाम? व्याहीण ऐकून घेईल का हे?

मेहरू ओटीवर चटई टाकून सोडे निवडत बसली होती. बारीक झाली होती. चष्मा लागला होता. तिने वर बघितलं, परत खाली बघितलं, आणि हातातला सोडा साफ करून पूर्ण केला.

"आलीस?"

"आले."

"एसटीने?"

"मग काय पोहत?"

मेहरूने चटई जरा सरकवली. खाला बसली, म्हणजे भिंतीला धरून, गुडघा सरळ ठेवून, कशीबशी. आणि तिने सगळं सांगितलं. कार्ड, बारा टक्के, पूर्णगडची पोर, अडकित्ता. मेहरू निवडत राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, "रडतानाचा होता तिचा?"

"होय."

"बरा केलास मग." पुढचा सोडा उचलला. मग मेहरूचा आवाज एकदम चढला. "फोटो गेला तर गेला गो! तू पण गेलीस? मेंदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरात चहा टाकून बसले होते. म्हटलं आता येईल, शिव्या खाईल, मग रडेल, मग मी पण रडेन. तू पाहुण्यांना नाश्ता वाढत बसलीस! सहा वर्षं सोडे पाठवतंय मी. सोड्यांना तोंड असतं काय?"

मेहरूने मिठाच्या हातानेच खालाचा हात ओढला. नुसती करंगळी नाही, सगळा हात.

"कॅमेरा आणलास?"

"विकला."

"चांगला केलास. आता जरा माझ्याकडे बघ. किती म्हातारी झाले बघ, आणि तू नव्हतीस."

खाला दोन दिवसांसाठी गेली होती, अकरा दिवस राहिली. चाचाने इकडे तीनदा भात करपवला. परत आली तेव्हा पार्सलऐवजी सोडे स्वतःच्या पिशवीत होते, आणि त्या अकरा दिवसांत दोघींचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता. मी विचारलं, वाईट नाही वाटत? तो एकच होता ना? खाला म्हणाली, "वाटतं की. रोज वाटतं. हिरव्या ड्रेसात ती फार सुंदर दिसत होती." आणि बांगड्याचं पोट फाडायला लागली.

अवनीचा कॅमेरा विचाराल तर मस्त चाललाय. बॅटरी मान टाकते, रबर परत सुटलं, पण फोटो येतो तो माणूस जसा आहे तसा. जुना मिळतोय, लेन्स स्वच्छ आहे, घ्या बिनधास्त. पण त्याच्यात कुणाचा फोटो काढणार आहात ते आधी बघा. तुमचं पण कुणीतरी असेलच अर्ध्या दिवसाच्या एसटीवर, ज्याच्याकडे जायला तुम्हाला काहीतरी हातात हवंय, एखादी भेट, एखादी सबब, माफीची नीट जुळवलेली वाक्यं. ती नाही जुळणार. रिकाम्या हाताने जा. या आठवड्यातच जा, प्लीज. कुणीतरी चहा टाकून बसलं असेल.